‘चालू होत नाही’ म्हणजे काय?

ह्या सदराचे वाचक मोठे सोशिक आहेत. वर्षभर मी त्यांना शब्दांच्या खोड्या सांगत असतो आणि ते मुकाट्याने ऐकून घेतात. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचा निरोप आला की, शब्द जरा घरगुती निवडा. फराळ करता करता वाचता आला पाहिजे. तेव्हा यंदा मी ‘चालू’ हा शब्द घेतला आहे. दिसायला गरीब, पण वागायला नाही. खाते चालू असते, वर्ष चालू असते, व्याख्यानही चालू असते (आणि श्रोते झोपलेले असतात). पण एखाद्या मुलाला कोणी ‘चालू’ म्हटले की त्याची ठरत आलेली सोयरीक मोडते. ह्या शब्दाने गेल्या डिसेंबरात एका पहाटे माझी अशी काही फजिती केली की, अठरा वर्षे मराठी शिकवल्याचा अभिमान त्या दिवशी मला गुंडाळून ठेवावा लागला.

झाले ते मार्कंड्याला. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. हे गाव गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी आहे. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी हा सगळा मुलूख चांद्यातच मोडत असे. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे तोंड करते, म्हणून स्थान पवित्र. काठावर कोरीव दगडी देवळांचा मोठा समूह आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते, आणि एरवी गाव आपले शांत असते. तिथे माझे मामा राहतात.

मामांचे सारे आयुष्य एस. टी.च्या स्टिअरिंगवर गेले. आता वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला, आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्यांना गडचिरोलीला डायलिसिससाठी जावे लागते. सकाळी सातची पाळी. ती चुकली तर पुढची जागा कधी मिळेल ह्याचा भरवसा नाही, आणि मधल्या काळात अंगात पाणी साठत जाते. पाय सुजतात, आडवे झाले की श्वास कोंडतो. नेहमी गावातला एक जीपवाला त्यांना नेतो. त्या वेळी मी, सौ. आणि कन्या असे तिघे चंद्रपूरहून दोन दिवसांसाठी गेलो होतो. दारात माझी गाडी उभी. मी रुबाबात म्हटले, “मामा, उद्या जीप कशाला? मी आहे ना, गाडी आहे ना!” आणि जीपवाल्याला नको म्हणून कळवलेसुद्धा. तो बिचारा दुसऱ्या गावचे भाडे घेऊन मोकळा झाला. मामी फक्त एवढेच म्हणाली, “गाडी पक्की आहे ना रे?” मी हसलो. गेल्याच महिन्यात मी गाडीला नवी कोरी बॅटरी बसवली होती.

संध्याकाळी देवळात गेलो. मार्कंडेश्वराच्या मुख्य मंदिरावर फार पूर्वी वीज पडली, शिखराचा भाग मंडपावर कोसळला आणि पुढे चांद्याच्या एका गोंड राजाने डागडुजी केली, असे सांगतात. १८७० नंतरच्या दशकात कनिंगहॅमसाहेबांनी ह्या देवळांचा वृत्तांत लिहिला, त्यातही ह्या पडझडीची हकीकत आहे. नाजूक कोरीव कामाशेजारी जाडजूड टेकू उभे केलेले पाहिले की मन जरा खट्टू होते. पण टेकू देणाऱ्याचा हेतू छप्पर वाचवण्याचा होता, हेही विसरता येत नाही. मामांचे पाय त्या दिवशी सुजलेले होते. ते पायरीवर बसून राहिले. डाव्या मनगटाच्या वर, जिथे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून दिल्या आहेत, तिथे उजव्या हाताची दोन बोटे ठेवून ते काही तरी अजमावत होते. ती त्यांची रोजची सवय. तिथे मांजराच्या गुरगुरण्यासारखी एक थरथर बोटांना लागते. लागली की समजायचे, वाट मोकळी आहे.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी मी गाडीत बसलो. नदीकाठची थंडी होती, काचांवर दव होते. मामा शाल गुंडाळून ओट्यावर तयार, शेजारी मामीची पिशवी. मी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. मग मी तेच केले जे अशा वेळी आपण सर्व सुशिक्षित माणसे करतो, म्हणजे तीच गोष्ट दहा वेळा केली. टक्, टक्, टक्. प्रत्येक वेळी जरा जास्त जोर लावून, जणू किल्लीला माझी निकड कळत नव्हती. शेवटी खाली उतरलो आणि ओरडलो, “मामा, गाडी चालू होत नाही!”

मामा ओट्यावरून शांतपणे म्हणाले, “काऊन रे मास्तर, हे कोणतं मराठी?”

मला वाटले, सुजेने त्यांना नीट ऐकू येत नसावे. मी पुन्हा म्हटले, “गाडी चालू होत नाही.”

“ते ऐकलं मी. चालू होत नाही म्हणजे काय होत नाही? सेल्फ फिरत नाही, का फिरते पण गाडी घेत नाही, का घेते आणि बंद पडते? डॉक्टरले जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तर तो काय औषध देईल?”

वाचकहो, पोरांच्या निबंधात ‘मोघम’ असा तांबडा शेरा मी आजवर हजार वेळा तरी मारला असेल. तो शेरा त्या पहाटे सूत्रधारासारखा येऊन माझ्यापुढे उभा राहिला. खरेच आहे, ‘चालू होत नाही’ ह्या तीन शब्दांत निदान तीन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांची औषधे एकमेकांना लागू पडत नाहीत. गाडीचे इंजिन आधी कोणी तरी फिरवून द्यावे लागते, मग ते पेट घेते, मग स्वतःच्या बळावर टिकते. फिरणे, पेटणे, टिकणे. कोणत्या पायरीवर अडले ते आधी सांगायचे.

“फिरतच नाही,” मी म्हणालो. “नुसता टक् आवाज येतो.”

“टक् एकदाच, का कटकटकट अशी माळ लागते?”

“एकदाच.”

“दिवे लाव बरं पुढचे.”

लावले. समोरच्या कुडाच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. मी आशेने म्हटले, “बॅटरी तर चांगली आहे.”

“घाई नको करू. दिवे चालू ठेवून सेल्फ मार. डोळे भिंतीवर ठेव.”

मी किल्ली फिरवली. टक् झाले आणि भिंतीवरचा उजेड साफ गेला. दिवे जणू कोणी फुंकर मारून विझवले. किल्ली सोडली, तो पुन्हा होता तसा लख्ख उजेड.

मामा उठले. मामी “बसा हो” म्हणत होती, पण ते काठी टेकत आलेच. म्हणाले, “बॅटरी बसलेली असती तर उजेड पिवळा पडला असता आणि परत येतानाही पिवळाच आला असता. हा तर पुरा जातो आणि पुरा येतो. रक्त आहे बापू, वाट चोंदली आहे.” आणि नकळत त्यांची दोन बोटे आपल्या मनगटाकडे गेली.

इथे कथा क्षणभर थांबवून कारण सांगतो, कारण माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला हे उमगायला चाळीस वर्षांवर काळ लागला आहे. गाडीचे सगळे दिवे मिळून लागतो तो करंट थोडा, दहा-पंधरा अँपिअरच्या आसपास. पण इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला एका दमात शंभर-दीडशे अँपिअर लागतात. घरातल्या नळाच्या नळीत गाळ साचला तर तांब्या भरतो, हंडा भरायला तास लागतो. तसेच हे आहे. तारेच्या जोडावर अडथळा किती हवा? ओहमचे अवघे पाच शतांश पुरेत. शंभर अँपिअर त्यातून जाऊ लागले की बाराच्या बॅटरीतले पाच व्होल्ट त्या जोडावरच खर्च होतात, आणि स्टार्टरच्या वाट्याला उरते ते एक टक्. गंमत म्हणजे तो खर्च झालेला जोर नाहीसा होत नाही; त्याची उष्णता होते. मामांनी पुढे जे विचारले ते नेमके हेच होते.

“बॉनेट उघड. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवरचे टर्मिनल हाताने चाचपून पाय. गरम कोणतं लागते?”

धन कोमट नव्हते. ऋणाच्या टर्मिनलवर बोट ठेवले आणि दचकलो. चहाच्या कपाइतके गरम. मी मोबाईलच्या उजेडात पाहिले. पांढरट हिरवी भुकटी बुरशीसारखी माजली होती, आणि टर्मिनल हाताने हलवले तर हलत होते!

आता माझ्या नव्या बॅटरीचे रहस्य ऐका. ऑक्टोबरात ह्याच गाडीने दोन-तीनदा अशीच टक्-टक् केली होती. मी एका गॅरेजात गेलो (त्याचे नाव-गाव इथे सांगण्याचे कारण नाही) आणि काय झाले ते सांगण्याऐवजी निदानच सांगितले, “बॅटरी गेली आहे.” ते म्हणाले, हो, गेली असेल. कोणी मापली नाही, कोणी पाहिले नाही. पाच हजारांवर नवी बॅटरी आली आणि तिच्या स्वच्छ खुंटीवर तेच जुने, भुकटीने माखलेले टर्मिनल वरवर बसवून दिले. हलवाहलवीत महिनाभर काम भागले आणि थंडीत रुसले. त्यात गॅरेजवाल्याचा दोष किती आणि माझ्या मराठीचा किती, ह्याचा हिशेब मी अजून करतो आहे. आदल्या संध्याकाळी ज्या टेकूंकडे पाहून मी नाक मुरडले होते, तसाच एक टेकू मी स्वतः पाच हजारांना विकत घेतला होता. गोंड राजाने निदान छप्पर तरी वाचवले!

मी घाईने म्हटले, “धक्का मारून बघू का? चार पोरे बोलावतो.”

मामांनी माझ्या गाडीकडे पाहिले. अंगण रस्त्याच्या खाली आहे, आणि गाडी मी तोंड खाली करून खळग्यात लावली होती. “हिले वर कोण ढकलते? आणि ढकलून घेतली तर गडचिरोलीले दवाखान्यासमोर धक्का कोण मारते? आमची मुक्कामाची गाडी राहे, तं आम्ही आधी उतार पायत होतो, मग जेवत होतो.” मग पिशवीवाल्या मामीकडे वळून, “माझी हत्यारं आण. आणि पानी गरम कर, खायचा सोडा टाक त्यात.”

मामीने जी थैली आणली ती निवृत्तीच्या दिवसापासून खुंटीला होती. तीत दहा नंबरचा पाना होता. घड्याळात पाच वाजून पस्तीस मिनिटे. मामा खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी करत होतो. हातातली अंगठी काढायला लावली, कारण पाना किंवा अंगठी दोन्ही खुंट्यांना एकदम लागली तर लाल होऊन बोट भाजते. शेजारचा मुलगा उजेडासाठी काडी पेटवणार, तो त्याला असे दटावले की तो अंगणाबाहेरच गेला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला ठिणगी पुरते. प्रथम ऋणाचे टर्मिनल काढायचे, मग धनाचे. बसवताना आधी धन, शेवटी ऋण. गाडीचा सारा सांगाडा ऋणाला जोडलेला असतो, त्यामुळे ऋण निघालेले असले तर पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. हे कारण कळले की क्रम पाठ करावा लागत नाही. सोड्याचे पाणी ओतल्याबरोबर भुकटी फसफसून आली. पुसले, कोरडे केले, पॉलिश पेपरने टर्मिनलची आतली बाजू आणि खुंटी घासली, शिसे चकचकीत दिसू लागले. टर्मिनल तळापर्यंत दाबून बसवले, पाना आवळला, हलवून पाहिले. हलेना. वरून मामीच्या डबीतले व्हॅसलिन लावले.

पावणेसहा. मी आत बसलो. मामा म्हणाले, “दमानं. एका वेळी पाच सेकंदांवर सेल्फ नाही मारायचा.”

किल्ली फिरवली. घर्र... आणि इंजिनाने पहिल्याच हाकेला ओ दिली. मामीने देवाला हात जोडले. सौ.ने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचे वर्णन मी करणार नाही.

चामोर्शीच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होते. मामा मागे सौ.शेजारी उशीला टेकून बसले होते, बोलताना धाप लागत होती. पण गप्प बसण्याचा त्यांचा स्वभाव नाही. आणि मला वाटते, बोलण्यात ते आपली धाप विसरत होते. मी मुद्दामच विचारीत राहिलो.

‘सेल्फ’ हा शब्दच पाहा ना. सेल्फ स्टार्टर, म्हणजे आपला आपण सुरू करणारा. आपण मागचा शब्द गाळला आणि उरलेल्या ‘स्व’ला मारू लागलो! पूर्वी हा स्व नव्हता, हँडल होते. पुढून लोखंडी हँडल घालून माणसाने इंजिन फिरवायचे. अवेळी पेट घेतला तर हँडल उलटे फिरून मनगट मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग ह्यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. आपल्याकडे मात्र अँबॅसडर आणि फियाट बाळगणारे लोक पुढे कित्येक वर्षे डिकीत हँडल ठेवीत. मामांनी सांगितले की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पकडीत गुंडाळायचा नाही, आणि झटका वर ओढून द्यायचा, खाली दाबून नाही. म्हणजे उलटले तर हात सुटतो. हे सांगताना त्यांचा अंगठा आपोआप तसा वळला.

“मग फिरते पण घेत नाही, त्याचं काय?” मी विचारले.

ते दुखणे वेगळे. सेल्फ जोमाने फिरतो आहे म्हणजे बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. आता पेट्रोल पोचते का, ठिणगी पडते का, एवढाच प्रश्न. मामांचा जन्म डिझेलवर गेला. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबल्याने हवा तापते तीच त्याची काडी, म्हणून जुनी बस नुसती उतारावर फिरली की पेटे. थंडीत फार तर आधी कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते. तेवढा धीर नसलेले लोक सकाळभर सेल्फ मारत बसतात. पेट्रोलचे पुढचे ज्ञान मी नंतर आमच्या चंद्रपूरच्या मिस्त्रीकडून घेतले, तेही इथेच सांगून टाकतो. किल्ली ‘ऑन’वर आणून सेल्फ न मारता कान द्यावा, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक ‘घूं’ आवाज येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. आला नाही तर आधी फ्यूज पाहावा. मीटरवर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत राहिले तर गाडी आपल्याला चोर समजते आहे. दुसरी किल्ली लावून पाहावी. आमचे एक सहकारी प्राध्यापक अशा लुकलुकत्या चित्राकडे दुर्लक्ष करून प्लग बदलीत बसले होते. वारंवार मारून इंजिनात पेट्रोल जास्त झाले असेल आणि वास येत असेल, तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की पेट्रोल बंद होते, नुसती हवा जाते. कार्ब्युरेटर होता तेव्हाही पाय असाच दाबीत, फक्त चोक आधी आत ढकलावा लागे.

आणि उंदीर. आपल्याकडे शहरांतून ह्याची चर्चा होत नाही, पण धानाच्या मुलखात गाडी चार दिवस उभी राहिली की बॉनेटखालची ऊब उंदरांना आवडते आणि वायरीही आवडतात. तेव्हा आधी नुसते डोळ्यांनी पाहावे.

पेटते आणि दोन सेकंदांत बंद पडते, हे तिसरे दुखणे. त्यात काही गाड्यांत पुन्हा तेच चोरकुलूप, नाही तर हवेच्या वाटेवरचा कचरा. आणि सेल्फ नुसता रिकामाच भिरभिरतो, इंजिन हलत नाही, किंवा पेट्रोलचा भपकारा जमिनीपर्यंत येतो, तिथे घरच्या माणसाने हात मागे घ्यावा.

एक विसरलोच. काहीच आवाज नाही, टक्सुद्धा नाही, तेव्हा घाबरण्यापूर्वी क्लच पूर्ण दाबलेला आहे का पाहावे. नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर दांडा ‘पी’वर हवा. आमच्या कन्येने एकदा हे मला सांगितले, तेव्हा मी टोइंगवाल्याला फोन लावीत होतो. विजेच्या गाड्या घेणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. त्यांच्या मोठ्या बॅटरीला जागे करणारी बारा व्होल्टची बॅटरी त्यांच्यातही असते, आणि ती बसली की लाखांची गाडी दार उघडीनाशी होते.

साडेसहाच्या सुमारास मामांचे बोलणे थांबले. आरशात पाहिले तर त्यांनी डोळे मिटले होते, तोंड उघडे ठेवून श्वास चालला होता. सौ.ने त्यांचा हात हातात धरला होता. नंतरची पंधरा-वीस मिनिटे गाडीत कोणी काही बोलले नाही. मला सारखा तो खळग्यातला अंधार दिसत होता. मी गाडी सुरू करीत होतो तो वेळ त्यांच्या श्वासातून वजा होत होता, आणि तरी त्यांनी एकदाही ‘लवकर कर’ म्हटले नव्हते. सातला सात मिनिटे असताना आम्ही पोचलो. परिचारिका म्हणाली, “आज पाय फार भरले हो, बाबा. उशीर केला असता तर पंचाईत होती.” मामा म्हणाले, “गाडीची वाट बंद होती, पोरानं साफ केली.” माझ्याकडे न बघता.

चार तास बाहेर बसायचे होते. बाजारात जाऊन चारशे-पाचशे रुपयांचा एक मल्टीमीटर घेऊन आलो. हे ऑक्टोबरात केले असते तर पाच हजार वाचले असते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, बाराखाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना आकडा नऊ-साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.५ असावा, तेवढा नसेल तर दोष बॅटरीचा नव्हे, ती भरणाऱ्या अल्टरनेटरचा. आणि मीटरची एक तार खुंटीवर, दुसरी टर्मिनलवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावा. जोड चांगला असेल तर काटा जवळजवळ शून्यावरच राहतो. मी दवाखान्याच्या आवारात हा प्रयोग केला. माझे शून्य आले. परीक्षेत शून्य मिळाल्याचा एवढा आनंद मला कधीच झालेला नाही.

मिस्त्रीने नंतर एक गोष्ट सांगितली ती चंद्रपूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोक थंडीला दोष देतात. पण बॅटरीचे आयुष्य खाते ते ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला सहज जातो, त्या उन्हात ती आतून झिजते. डिसेंबरात तेल घट्ट होते, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि मे महिन्यातले मरण तेव्हा जाहीर होते. तीन-चार उन्हाळे काढलेली बॅटरी मापून घेतलेली बरी. मापून, म्हणतो मी. अंदाजाने बदलून नव्हे.

दुसऱ्या गाडीचा करंट घ्यायची वेळ आलीच तर क्रमही लिहून ठेवा. लाल तार आधी बसलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचे शेवटचे टोक बसलेल्या बॅटरीला नव्हे, तर त्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी पडली तरी बॅटरीपासून दूर पडेल. काढताना उलट्या क्रमाने.

अकराला मामा बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरची सूज उतरली होती. पायही हलके पडत होते. गाडीजवळ येऊन बसण्यापूर्वी थांबले. “सेल्फ मार,” म्हणाले. मी मारला. त्यांनी मान जरा कलती करून आवाज ऐकला, मग दार उघडून आत बसले. वाटेत चामोर्शीला मामीसाठी पानसुपारी घेतली आणि मला हत्यारांच्या थैलीतला दहा नंबरचा पाना बक्षीस दिला. तो हल्ली माझ्या डिकीत असतो, मल्टीमीटरशेजारी.

घरी पोचलो तर मामी दारात उभी होती. मी सवयीने गाडी अंगणात घालू लागलो, तो मागून आवाज आला, “थांब. तिथं नको. वर, पिंपळाखाली, उतारावर लाव.”

“मामा, आता टर्मिनल घट्ट आहे. आणि ह्या नव्या गाड्यांचा पंप, कॉम्प्युटर सगळे बॅटरीवर चालते. बॅटरी पार मेली तर उताराचा काही उपयोग नसतो.”

“असं होय?” मामा म्हणाले. “उतारावर लाव.”

मी वर पिंपळाखाली गेलो, तोंड नदीकडे करून गाडी लावली, आणि चाकाखाली एक दगड ठेवला.